गवरीवरचा हात

फळीवर भुकटी पडली होती. असेल चिमूटभर; पण गोरक्षला ती दारातूनच दिसली. फर्स्ट शिफ्ट करून तो निगडीच्या स्टँडपाशी कंपनीच्या बसमधून उतरला, तीन जिने चढला, बूट काढले आणि रोजच्यासारखा हातपाय न धुताच आधी मागच्या खोलीत शिरला. तर फळीवर, गवरीच्या बरोबर खाली, तपकिरी भुकटी. त्यानं ती बोटानं टिपली, चिमटीत चोळून पाहिली. शेण, राख, आणि कशानं तरी आत बसून कोरल्याचं पीठ. गवरीला कीड लागली होती. दुसऱ्या कुणाच्या घरात असं झालं असतं तर गवरी फेकून माणूस मोकळा झाला असता. मुळात निगडीतल्या फ्लॅटमध्ये फळीवर गवरी ठेवतोच कोण? पण या गवरीवर आईचा हात होता. तळव्याचा खळगा, अंगठा, तीन बोटं आणि जराशी फटकून राहिलेली करंगळी, सगळं जसंच्या तसं उमटलेलं. सरुबाई श्रावणात गेली, आणि जगात तिचं एवढंच उरलं होतं, असं तिचा हा एकुलता एक लेक धरून चालला होता.

टोमॅटोला त्यांच्या गावात, चाकणच्या पलीकडं, अजून भेदरंच म्हणतात. सरुबाईचं भेदरं चपटं, खापाखापांचं, जिभेला झिणझिण्या आणील इतकं आंबट. वैशाखात झाडं संपत आली की शेवटची पिकलेली फळं ती कुस्करायची, गर राखेत कालवायची, शेणात मिसळायची आणि गोठ्याच्या भिंतीवर थापायची. बी भिंतीवरच वाळायचं, तिथंच पावसाळा काढायचं. थंडी पडायला लागली की गवरी उतरवून फोडायची आणि रोप टाकायचं. बियांची रंगीत पाकिटं मिळायला लागून जमाना झाला, पण तिनं पाकिटाला दारात उभं केलं नाही. यंदा गवऱ्या थापल्या गेल्या आणि मग ती गेली. आणि दसऱ्याच्या सुमाराला चुलतभाऊ ज्योतीरामनं गोठा पाडायला काढला. त्याला तिथं भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. आता सगळं गाव खोल्याच बांधतं; कंपन्यांत कामाला आलेली पोरं त्यांत राहतात आणि गावाचं चालतं. गोरक्षनं फोनवर 'पाड की' म्हणून टाकलं होतं, आणि मग एकाएकी भिंत आठवून तो मोटारसायकल हाणत गावी पोचला, तेव्हा जेसीबीनं अर्धी भिंत आडवी केली होती. गवऱ्यांचा चुरा पायाखाली. वरच्या कोपऱ्यात एक तेवढी अखंड राहिली होती. 'थांब, थांब रं!' करत तो ढिगाऱ्यावर चढला आणि पटाशीनं ती सोडवून त्यानं छातीशी धरली. ज्योतीराम हसला होता, "भावा, गवरी हाय ती! पायजेल तेवढ्या देतो की." त्या दिवशी गोरक्षनं गावाहून दोन गोष्टी फ्लॅटवर आणल्या, म्हातारा बाप तात्याबा आणि ती गवरी, आणि खरं सांगायचं तर बापापेक्षा गवरीच जास्त जपून आणली.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत गोरक्ष मापं घेतो. त्याची खोली बारा महिने वीस अंशांवर. बाहेर वैशाख पेटलेला असो नाहीतर पौषाची थंडी असो, आत वीस म्हणजे वीस. लोखंड गरम असलं की फुगतं आणि खोटं माप देतं, म्हणून मशीनवरून आलेला पार्ट आधी त्या खोलीत नुसता ठेवून द्यायचा. 'मुरू दे' म्हणतात त्याला तिथं. खोलीचा गारवा त्याच्या गाभ्यापर्यंत पोचला की मग माप. बाहेरून सुपरवायझर बोंबलतो, 'अहो राव, लाइन उभी आहे!' पण गोरक्ष ढिम्म हलत नाही. इतकी वर्षं त्या खोलीत काढून तो स्वतःच मुरला होता. हात कायम गार. लग्नानंतर सुप्रिया हसायची, 'फ्रीजमधनं काढून आणलेत का हात?' आणि ते आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळायची. ते आता बंद झालं होतं. कधी बंद झालं हे त्याला सांगता आलं नसतं; आई गेली तेव्हापासून तो घरात होता आणि नव्हता. संध्याकाळी हा गार तळवा तो गवरीवर ठेवायचा, आणि गवरी कोमट लागायची. गार हाताला सगळंच कोमट लागतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! पण त्या घटकेला ते ठाऊक नसायचं. आईचा हात कोमट आहे, एवढंच कळायचं. त्याचा पंजा मोठा, ठशाच्या बाहेर जायचा. करंगळी कुठंच जुळायची नाही. केसाच्याही बारीक भागाचं माप घेणारा माणूस, पण हा ठसा त्यानं कधी मोजला नाही. आईच्या हाताला कोण व्हर्नियर लावतं?

आणि तो हात त्याला का हवा होता, तेही त्याचं त्याला पक्कं माहीत होतं. शेवटचे काही महिने आईचा हात त्याला मिळालाच नव्हता. रविवारी तो गावी जायचा, ती ओट्यावर बसलेली असायची, उजवा हात पदरात गुंडाळलेला. पूर्वी गेल्या गेल्या तोंडावरून हात फिरवायची, कानशिलाशी बोटं मोडायची; ते सगळं थांबलं. बसल्या जागेवरून म्हणायची, 'आलास गोरख? बस.' ऐन उन्हाळ्यात पदर कशाला गुंडाळायचा? त्याला वाटायचं, आपल्यावर रुसली. ओव्हरटाइम करतो, येत नाही, फ्लॅट घेतला आणि तिला चार दिवससुद्धा नेलं नाही, म्हणून हात आखडता घेतला. विचारायचं राहून गेलं. मग श्रावणात फोन आला आणि तो पोचला तेव्हा हात पदराच्या बाहेर होता; पण तो धरला तर गार. वीस अंशांहून गार. लोखंड असं गार पडतं हे तो रोज बघत होता, आई पडते हे पहिल्यांदा बघितलं. त्यानंतर भिंतीवरचा तो हात गवसला, म्हणजे तिनं रुसवा सोडून हात पुढं केल्यासारखंच झालं की हो त्याला! आणि आता त्याला कीड लागली होती.

भुकटी रोज पडायला लागली. अंगठ्याची कड पुसट झाली. गोरक्षनं गवरी उन्हात धरली, कडुनिंबाचा पाला आणून खाली घातला, मोबाइलवर फोटो काढून पाहिले. फोटोत ती नुसती गवरी दिसायची, हात दिसायचाच नाही. एक दिवस तर ती डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत न्यायला निघाला. मोजणीच्या मशीनवर ठेवली तर मशीन हाताचा कण न्‌ कण टिपून घेईल, मग कीड काय खायची ते खाऊ दे. स्टँडपर्यंत गेला आणि त्या स्वच्छ, गार, पांढऱ्या खोलीत काचेच्या टेबलावर आईचा हात मांडलेला त्याच्या डोळ्यांपुढं आला. बस सोडून तो घरी परतला.

तात्याबा हे सगळं बघत होता. बघण्याशिवाय त्याला फ्लॅटमध्ये दुसरं कामही नव्हतं. "फोड ती," तो एका संध्याकाळी म्हणाला.

"काय?"

"गवरी. फोड न्‌ रोप टाक. दिवस तेच हायेत. आतलं बी किड्यानं खाल्लं म्हंजी मंग काय चाटायचं हाय का शेण? तुझ्या आयनं बी ठिवलंय, फोटू न्हाई ठिवला."

"तात्या, तिचा हात आहे त्याच्यावर."

म्हातारा काही बोलणार होता. त्यानं दाराकडं पाहिलं. दारात सुप्रिया उभी होती, पिठाचे हात तसेच. दोघांची नजरानजर झाली आणि म्हातारा गप्प बसला. गोरक्षला ते दिसलं, पण कळलं नाही. त्याला एकच दिसत होतं: फोडली तर आई जाणार, नाही फोडली तर आईही जाणार आणि आईचं भेदरंही. आईला दोनदा पोचवायची वेळ कुणावर येते? त्याच्यावर आली होती.

रविवारी सकाळी तात्याबानं पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि समोर ठेवलं. गोरक्षनं गवरी मांडीवर घेतली. त्यानं अंगठा मोडून पाण्यात सोडला. मग पहिलं बोट. तळव्यापाशी आल्यावर त्याला रडूच फुटलं, चांगलं हुंदके देऊन. सुप्रिया पुढं आली, वाकली. "अहो, एक सांगू का तुम्हाला?"

"आत्ता नको," तो खेकसला. "आत्ता काही सांगू नकोस."

ती मागं सरली. सगळं पाण्यात गेलं, पण करंगळी त्यानं दिली नाही. बोटभर तुकडा तो, रुमालात बांधून त्यानं खिशात टाकला. तात्याबा म्हणाला, "असू दे. तेवढी असू दे." पाण्यात शेण विरघळलं, चघळ, काडीकचरा, वर आलं आणि पिवळसर, लवदार बी तळाशी बसलं. म्हाताऱ्यानं ते ओल्या फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी कमरेला, धोतराच्या आत खोचली. "मोड याया ऊब लागती," तो म्हणाला, "अंगाची ऊब. पर एकदा वर आलं की ऊब दावायची न्हाई. लाडावत्यात. नुसत्या तंगड्या काढत्यात न्‌ आडवी पडत्यात. उबंत उगवावं, गारव्यात वाढवावं."

गॅलरीत ट्रे ठेवायची सोय नव्हती. पारवे कोंब दिसला की उपटतात. म्हणून रोपं मागच्या खोलीतच वाढली. ती उत्तरेची खोली, ऊन कधी येत नाही. गोरक्षनं वर ट्यूब लावली, खिडकी उघडी टाकली. मार्गशीर्ष सरून पौष आला, फरशीवर पाय ठेववेना, आणि रोपं मात्र बुटकी, जाड देठाची, पानांच्या पोटाशी जांभळी होत गेली. सुप्रिया खिडकी लावायला गेली की म्हातारा ओरडायचा, "ऱ्हाऊ दे उघडी!" खोलीत वारा पुरेसा नाही म्हणून तो रोज पालथा हात रोपांवरून फिरवायचा, गुरांच्या पाठीवरून फिरवतात तसा. त्यानं देठ घट्ट होतो म्हणे. त्या हाताला मग भेदऱ्याच्या पाल्याचा वास लागायचा, हिरवा, उग्र, जरा कडवट. तो वास आला की गोरक्ष होता तिथंच थांबायचा. हाच वास आईच्या हाताला असायचा. तोंडावरून हात फिरवला की गालावर उरायचा.

आणि मग ते सुरू झालं. गोरक्ष शिफ्टवरून यायचा. तात्याबा हॉलमध्ये टीव्हीपुढं घोरत पडलेला. मागच्या खोलीत कुणी नाही. आणि रोपं हलत असायची. वारा नसायचा. खिडकीचा पडदा ढिम्म. तरी रोपं हळू हळू डोलून थांबायची, कुणीतरी आत्ताच हात फिरवून उठल्यासारखी, आणि खोलीभर तो वास. एकदा त्याला स्पष्ट ऐकू आलं, 'गोरख, दार लोट.' गावी थंडीच्या दिवसांत ती असंच म्हणायची. त्यानं दार लोटलं. आतून लोटलं आणि तिथंच, गार फरशीवर, ट्रेशेजारी बसून राहिला. भीती वाटली का? वाटली. पण ती गेली तर, याची जास्त वाटली. कंपनीत मापं घेताना त्याचं लक्ष उडायला लागलं. एक पार्ट मुरायच्या आत त्यानं मोजला, माप चुकलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खिशातल्या करंगळीवर बोट ठेवून तो उभा राहिला आणि सुपरवायझर काय बोलत होता ते त्याला ऐकूच आलं नाही. घरी सुप्रियाशी बोलणं 'वाढ' आणि 'नको' एवढ्यावर आलं होतं. ती जवळ आली की तो मागच्या खोलीत जायचा. तिथं त्याची आई होती.

संक्रांतीनंतरच्या रविवारी रोपं ट्रेमधून काढून घमेल्यात लावायची होती. पुढं ती जायची होती गावी; ज्योतीरामच्या खोल्यांमागं, विहिरीच्या अंगाला एक पट्टा उरला होता. तिथं न्यायच्या आधी रोपं थोडी जून व्हावीत, म्हणून तात्याबानं घमेल्यात माती कालवून ठेवली. पण म्हाताऱ्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, त्याला खाली बसवेना. "सुप्रिया, तूच बस गं," तो म्हणाला. ती बसली. पदर खोचला, एक रोप अलगद उचललं, मातीत ठेवलं, आणि सवयीचं काम असल्यासारखी शेजारची ओली माती उजव्या तळहातानं दाबली. एकदाच, घट्ट. मग हात उचलला.

गोरक्ष दारात उभा होता. त्यानं मातीकडं पाहिलं. तळव्याचा खळगा. अंगठा, तीन बोटं. आणि जराशी फटकून राहिलेली करंगळी.

लहानपणी दारात सापडून सुप्रियाची करंगळी वाकडी झाली होती. ते त्याला माहीत नव्हतं असं नाही. लग्नात अंगठी घालताना तिनंच हसून दाखवली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यानं खिशातला रुमाल सोडला, तो बोटभर तुकडा काढला, खाली बसला आणि मातीतल्या करंगळीशेजारी ठेवला. लांबी तीच, वाकही तोच; दोन्ही बरोबर जुळले. इतके बरोबर, की कंपनीत असता तर गोरक्षनं डोळे मिटून शिक्का मारला असता.

सुप्रिया बोलली, मान खाली घालून. "कुरडया करायला म्हणून आठ दिवस गावी राहिले होते ना वैशाखात, तेव्हाची ती. आत्याबाईंच्या उजव्या हातातलं बळ गेलं होतं हो. बारीकसा झटका येऊन गेला होता. त्या बसून सांगायच्या, इतकी राख घाल, इतकं शेण घाल. मी थापत होते."

"मला का नाही सांगितलं?"

"शपथ घातली होती त्यांनी. म्हणाल्या, 'गोरख कामावर हाय, त्याच्या जिवाला घोर नको.' पदरात हात लपवायच्या तुम्ही आलात की."

पदरात. गोरक्षच्या डोळ्यांपुढं तो ओटा आला, तो गुंडाळलेला पदर, आणि रविवारमागून रविवार तिच्यापासून हातभर लांब बसलेला तो. रुसली नव्हती. उचलतच नव्हता तिला हात. आणि आपण मनात अढी धरून बसलो. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मग एकदम राग आला, कुणाचा ते कळेना. "आणि गवरी आणली तेव्हा? तेव्हा तरी सांगायचंस! दसऱ्यापासून मी त्या गवरीवर हात ठेवतोय. कुणाच्या हातावर ठेवत होतो मी?"

"माझ्या," सुप्रिया म्हणाली.

मग तिचा बांध फुटला. "कसं सांगू? तुम्ही रडायचात तिथं बसून. दुसरीकडं कुठं रडतच नव्हता. ते पण काढून घेऊ? रोज दारातनं बघायचे मी. माझ्याच हाताचा मला हेवा वाटायचा हो. त्याला जवळ करत होता, मला नाही. रोपांवरनं हात फिरवून मी बाहेर पडायचे, तुम्ही आत जाऊन दार लावायचात. मी बाहेर उभी असायचे."

म्हणजे रोपं हलायची ती सुप्रियामुळं. वासही तिच्याच हाताचा. गोरक्ष खाली मान घालून बसला. आई पुन्हा एकदा गेली होती, आणि यावेळी तिचं काहीच मागं उरलं नव्हतं. ना हात, ना हाक. "मग आईचं काय राहिलं, तात्या?" त्यानं लहान पोरासारखं विचारलं.

"बी," म्हातारा म्हणाला. "बी तिचंच हाय की. हात कुनाचा का असंना." आणि मग, "तिनंच दावला तो हात. माझ्याम्होरं म्हनली व्हती, सुनंचा हात माझ्यावानी बसतोय भितीवर."

गोरक्षनं करंगळीचा तुकडा उचलला आणि पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात टाकला. तिघं बघत राहिली. त्याला विरघळायला बराच वेळ लागला. बी सुटलं तेव्हा तात्याबानं फडकं भिजवलं आणि पुरचुंडी बांधून कमरेकडं नेली, तसा गोरक्षनं त्याचा हात धरला. "द्या इकडं. या वेळी मी बांधतो."

"तुज्या अंगात हाय का ऊब?" म्हातारा म्हणाला. पण पुरचुंडी दिली.

त्या आठवड्यात गोरक्ष कंपनीत गेला तो कमरेला ओली पुरचुंडी बांधून. गेटवरच्या वॉचमननं चाचपलं, "ये क्या है, भाऊ?" तर 'दवाई' म्हणून सुटला. वीस अंशांच्या खोलीत सगळं जागच्या जागी मुरत पडलेलं. आणि शर्टाच्या आत, पोटाच्या एका बाजूला, ते ओलं काहीतरी त्याच्या अंगाची ऊब ओढून घेत होतं. 'गोरख, दार लोट' अशी हाक पुन्हा आली नाही. तो वाट बघत राहिला, कबूल करायला हवं. संध्याकाळी मागच्या खोलीत गेला की अजून कान द्यायचा. दार मात्र उघडं ठेवायचा.

शुक्रवारी शिफ्टवरून आला, बूट काढले आणि ट्रेशेजारी बसून पुरचुंडी सोडायला लागला. गाठ भिजून घट्ट झाली होती, त्याच्या गार बोटांना सुटेना. सुप्रियानं ती सोडली. फडक्यावर बी पसरलेलं, आणि त्यातल्या काहींना पांढरं टोक आलं होतं.

"आले," ती म्हणाली. मग शर्टाखाली, पुरचुंडीनं ओल धरलेल्या जागी, तिनं आपला तळवा टेकवून पाहिला. "अहो, ऊब आहे की तुमच्या अंगात," ती म्हणाली, आणि हात काढला नाही.